उजव्या चपलेची टाच

चप्पलवाले डॉक्टर पेशंटचं तोंड सगळ्यात शेवटी पाहत. आधी म्हणत, "चपला उलट्या करून दाखव." हाडांचे डॉक्टर, आणि दवाखाना कळव्यात पहिल्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. लंगडत जिना चढून आलेल्या माणसाला घामाघूम बसवून हे गृहस्थ त्याच्या चपलांचे तळ निवांत वाचायचे. टाचा सारख्या झिजल्या नसतील, तर पेशंट चालतो म्हणतो ते खोटं.

ऐंशीचं दशक सरत आलं असताना माझ्या उजव्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा त्यात रॉड घातला तो त्यांनीच. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होतो, काम दिवसभर उभ्याचं. जागा राखून ठेवली होती. किती दिवस, हे विचारलं की फोरमन हसायचा.

घरी उपचारांची रेलचेल होती. बाळकुमच्या आमच्या शेजारच्या कोळीणमावशी हाड जुळावं म्हणून दर रविवारी चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा आणायच्या. हे कौतुकाने सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, "अरे, चिंबोरीला स्वतःला हाड नाही. ती तुला कुठून देणार?" पुढच्या खेपेला एक डबा मात्र त्यांच्यासाठीही आणायला सांगितला.

दर एक्स-रेत हाडातली फट तशीच दिसायची आणि डॉक्टर म्हणायचे, चालला नाहीस तर ती भरणार कशी? पाय टेकला की मांडीत कळ यायची, हे मी वर्षभर लपवलं. दुखतंय म्हटलं की पुन्हा ऑपरेशन, आणि ऑपरेशन म्हटलं की नोकरी गेली. घरात कुबड्यांवर फिरायचो आणि रोज नाक्यापर्यंत जाऊन येतो म्हणून सांगायचो. पुरावा हवा म्हणून उजवी चप्पल मोरीतल्या दगडावर मन लावून घासली. लेथवरचा माणूस मी, टाच अगदी मापात, सपाट उतरली.

डॉक्टरांनी ती खिडकीशी धरली.

"चालणाऱ्याची टाच एका कडेने झिजते, कारागीर. ही चाललेली नाही, घासलेली आहे. का?"

मला रडू आलं. नोकरी, कळ, सगळं सांगून टाकलं. आता यथेच्छ बोलणी बसणार म्हणून मान खाली घातली. ते बराच वेळ एक्स-रे बघत राहिले.

"तू चालत नाहीस म्हणून हाड भरत नाही, असं मी धरून बसलो," ते म्हणाले. "रॉड बारीक पडलाय, आत हलतोय. तो मी घातला. चूक माझी."

डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. त्यांनी जुना रॉड काढला, हाडाची पोकळी कोरून रुंद केली, जाड रॉड ठोकला आणि कमरेच्या हाडाचा चुरा फटीत भरला. मग स्वतः वागळे इस्टेटला जाऊन फोरमनला सांगितलं की उशीर माझ्यामुळे झालाय, याची जागा ठेवा. तिथेही आधी फोरमनच्या बुटांकडेच पाहिलं म्हणे. जागा राहिली.

नव्वदचं दशक सरत आलं असताना डॉक्टर गेल्याचं कळलं, तेव्हा मी लेथवरच उभा होतो. तसाच त्यांच्या घरी गेलो. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. माझ्या काढल्या आणि सवयीने उलट्या केल्या. दोन्ही टाचा एकाच कडेने, अगदी सारख्या झिजल्या होत्या.

तशाच उलट्या ठेवून मी आत गेलो.