कातड्यांना लावलेले एरंडेल

काल मुलीने पेटी आवरताना ह्यांचे लोकरीचे हातमोजे बाहेर काढले. कडेला कसर लागली आहे. "हे टाकू का?" तिने विचारले. मी नको म्हटले आणि उगाच स्वयंपाकघरात गेले. का नको, ते तिला सांगता आले नाही. मला बोलून सांगणे कधीच जमले नाही, म्हणून लिहून ठेवते.

माझे माहेर देवासचे. चौथीपर्यंत शिकले, मग लग्न होऊन धारला आले. हे एका सरदारांकडे कारकून होते. सरदारांच्या बाईसाहेबांना छातीचे दुखणे लागले. महूच्या डॉक्टरांनी सांगितले, स्वित्झर्लंडात डोंगरावर जाऊन राहा, तिथली कोरडी थंडी मानवेल. बरोबर पत्रव्यवहाराला हे निघाले. आचारी समुद्र ओलांडायला तयार होईना. मग बाईसाहेबच म्हणाल्या, "कारकुनाच्या बायकोला घ्या. ती बोलत नाही, पण वरण चांगलं करते." अशी मी गेले.

ते गाव म्हणजे एक रस्ता, दोनतीन हॉटेले आणि चहूकडे पांढरे डोंगर. आम्ही भाड्याच्या लाकडी घरात होतो. तिथली माणसे पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून जात. इंग्रज पाहुणेही खास त्यासाठी येत. आठवड्याभरात ह्यांनीही फळ्या बांधल्या. शिकवणारा तिथलाच एक म्हातारा वाटाड्या होता. त्याचे नाव ह्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून हे त्याला आमच्या माळव्यातल्यासारखे "भिया", म्हणजे भाऊ, म्हणत. तोही मान हलवून ओ देई.

बाईसाहेब खिडकीत शाल पांघरून बसत आणि म्हणत, "पत्रं लिहायला आणलंय यांना, का घसरायला?"

"बाईसाहेब, पत्रं झाली सकाळीच. शाई गोठण्याआधी," हे म्हणायचे.

मी आतून हसायचे. धारला ह्यांना कधी असे बोलताना ऐकले नव्हते. तिथे मान खाली घालून कचेरीत जायचे आणि मान खाली घालून यायचे.

दोन महिन्यांत ह्यांचे पाय चांगले बसले. मग भियाने सांगितले की महाशिवरात्रीनंतर हवा उघडली की तो तीन इंग्रजांना घेऊन वरची खिंड ओलांडणार आहे. एक रात्र पलीकडच्या झोपडीत राहायचे, दुसऱ्या दिवशी परत. ह्यांनाही चल म्हणाला. तेवढा एकच मोका होता, कारण बाईसाहेबांना बरे वाटू लागले होते आणि आठ दिवसांनी आम्ही निघणार होतो. हे जेवताना खिंडीबद्दलच बोलत. "पलीकडे काय असेल?" मी एकदा विचारले. "आणखी डोंगर," हे म्हणाले, "पण ते मी पाहिलेले नसतील ना."

चढावर जायचे तर त्या फळ्यांच्या तळाला केसाळ कातड्याच्या लांब पट्ट्या बांधतात. ती कातडी पाण्यातल्या कुठल्याशा जनावराची असत. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी त्या चुलीमागे वाळत टाकल्या आणि भियाकडे शिदोरीचे ठरवायला गेले. मी पाहिले तर त्या लाकडासारख्या ताठ झालेल्या, केस राठ उभे राहिलेले. मला माहेरची मोट आठवली. कातडे वाळून तडकू नये म्हणून वडील मोटेला तेल चोळून घ्यायचे. तेल नसले की मोट फाटते आणि पाणी वाटेतच सांडते. मनात आले, ही वाटेत फाटली तर ह्यांचे कसे होईल?

औषधांच्या पेटीत एरंडेलाची बाटली होती. कातड्याला हात लावायचा म्हणून आधी मन कचरले. मग पदर खोचला आणि दोन्ही पट्ट्यांना, केसांनाही, चांगले चोळले. मऊ झाल्या, चकाकू लागल्या. फडक्याने पुसून परत होत्या तशा ठेवल्या. मग अंघोळ केली. तिथल्या पाण्याने अंघोळ म्हणजे काय ते ज्याने केली त्यालाच ठाऊक. पण मला बरे वाटत होते.

पहाटे अंधारात, जाड हातमोज्यांनीच ह्यांनी त्या फळ्यांना बांधल्या आणि गेले.

दोन तासांत हे एकटे परत आले. मी दारात उभी राहिले. हे बाकावर बसले आणि कितीतरी वेळ बूट सोडेनात.

"काय झालं?" बाईसाहेबांनी आतून विचारले.

"पहिल्याच चढावर घसरायला लागलो. एक पाऊल वर, दोन खाली. ते केस उभे राहतात, बर्फात रुततात, म्हणून माणूस वर जातो. माझे काही रुतेनात. भियाने तीनदा प्रयत्न केला. ऊन चढायच्या आत खिंड गाठायची होती, किती थांबणार?"

ह्यांनी एक पट्टी नाकाशी नेली. मी पाहत होते. मग ह्यांनी पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली. मला सांगायचे होते. मी चुलीत आणखी एक लाकूड सारले.

मग हे म्हणाले, "आज मला काही काम नाही. चल, तुला मागच्या टेकडीवर नेतो."

"मी? ह्या लुगड्यात?"

"त्या मडमा घोळदार झग्यात पडतात. तुझा काष्टा बरा."

"जा ग," बाईसाहेब म्हणाल्या. "वरणाला अजून अवकाश आहे."

घरमालकिणीच्या जुन्या फळ्या घेतल्या. मी माझ्या फाटक्या लुगड्याच्या पट्ट्या काढून दोघांच्या फळ्यांना आडव्या गुंडाळल्या, चिखलात पाय घसरू नये म्हणून गवताची पेंढी बांधतात तसे. ह्यांनी पाहिले आणि म्हणाले, "हे धरतंय की." खिंडीला ते पुरले नसते. टेकडीला पुरले.

वर गवत साठवायची एक झोपडी होती. तिच्या आडोशाला उन्हात बसलो. समोरच्या डोंगरावर चार काळे ठिपके एकामागून एक चालले होते. ह्यांनी ते पाहिले, मग मी पाहिले. एकेक ठिपका पलीकडे गेला. शेवटचा जाईपर्यंत हे उभे होते. मग बसले आणि माझे गार झालेले हात आपल्या हातमोज्यांत घातले. लग्नाला सात वर्षे झाली होती, उजेडात हात धरण्याची ती पहिलीच वेळ. उतरताना मी बारा वेळा पडले. ह्यांनी मोजले आणि बाईसाहेबांना सांगितले.

देशी परत आल्यावर समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त झाले. पुढे ह्यांची बदली मनावर नावाच्या गावी झाली. तिथे मळ्यातल्या मोटेला गडी तेल चोळू लागला की हे ओसरीवरून म्हणायचे, "जरा जपून रे भिया, त्या तेलाने माणसं घरी राहतात." गड्याला काही कळत नसे. मी आत पोळी लाटत असे. मान वर करत नसे.

हे जाऊन चार वर्षे झाली. तेल मी लावले, असे मी कधी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. ह्यांची खिंड माझ्यामुळे राहिली, त्याचे वाईट वाटते, खरेच वाटते. पण देव म्हणाला की ती परत देतो, फक्त टेकडीवरची ती दुपार दे, तर माझ्याने देववणार नाही.

मोजे मी पुन्हा पेटीत ठेवले. बरोबर कडुनिंबाचा पाला ठेवला आहे.