फुशियाच्या कुंडीत वावराची माती

फुशिया अकोल्यात येत नाही, असं नर्सरीवाल्यानेही मला सांगितलं होतं. येते. घरातल्या माणसांनी हात आवरला तर येते.

माझं रोप चिखलदऱ्याचं. अमरावतीला दिलेली माझी मुलगी तिकडे फिरायला गेली होती, तिने आणून दिलं. लाल पाकळ्या, आत जांभळा घेर, फूल खाली तोंड करून लटकतं. झाड थंड हवेचं. पहिल्या उन्हाळ्यात जठारपेठेतल्या आमच्या घरी त्याच्या नुसत्या काड्या उरल्या. सून म्हणाली, फेकून द्या. मी फेकलं नाही. करत करत कळत गेलं. सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं आणि तापायच्या आत कुंडी सावलीत ओढायची. बोअरचं खारं पाणी घालायचं नाही, नळाचं साठवून ठेवायचं. दुपारी कूलरच्या वाऱ्याच्या वाटेवर ठेवायचं, पण जरा लांब. लाल मातीत वाळू आणि कुजलेला पाला मिसळायचा, म्हणजे पाणी तुंबत नाही. वैशाखात पानं गळाली तरी घाबरून पाणी ओतायचं नाही. असे दोन उन्हाळे त्याने काढले आणि थंडीत फुललं.

मागच्या वर्षी ऊन तापायला लागलं तेव्हा मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले. जाताना मुलाला सांगितलं, एक दिवसाआड पेलाभर पाणी दे, बाकी काही करू नको. फोनवर विचारलं की म्हणायचा, "झाड झकास हाये आई. तू येऊन पायजो."

आले आणि पिशवी हातात तशीच धरून कुंडीपाशी गेले. झाडाने मान टाकली होती. कुंडीत काळाभोर चिखल, वर पाणी साचलेलं.

"हे काय केलं रे?"

"वावरातली माती आणली न व. अस्सल काळी. तुही ती माती म्हणजे नुसती रेती होती."

"तुले कोणं सांगतलं होतं?"

"सांगाले कायले पायजे? आपल्या मातीत कापूस येते, तूर येते, हरभरा येते. हे बोटभर झाड काहून नाई येणार?"

आमच्या लोकांना काळ्या मातीचा फार माज. मीही त्याच मातीत निंदण-खुरपण करून म्हातारी झाले, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. ती माती वावरातच चांगली. कुंडीत ओली झाली की लापशीसारखी थिजते, मुळांना श्वास घेऊ देत नाही. वाळली की भेगा पडतात आणि दोऱ्यासारखी मुळं तुटतात. झाड सुकलं म्हणून हा रोज पाणी घालत होता, आणि पाण्यानेच ते सुकत होतं. मी झाड उपटलं. मुळं हातात गळून आली, कुजका वास सुटला.

तो म्हणाला, "दुसरं आणून देतो न. एवढं काय त्याच्यात?"

"चूप बस," मी म्हटलं. "दुसरं पयल्याच उन्हात मरते. यानं दोन उन्हाळे काढले होते."

सून पदराआड हसली. तिलाही मी सोडलं नाही. डोळ्यात थेंब घालायची वेळ होती, ती तशीच गेली.

शेंड्याकडे थोडं हिरवं उरलं होतं. त्याचे तुकडे कापले, नुसत्या वाळूत खोचले आणि कुंडी माठाच्या तिवईखाली सरकवली. घरात तेवढीच जागा गार. माठ पाझरतो, तेवढी ओल त्यांना पुरे. मग घरात हुकूम काढला, माठ कोणी हलवायचा नाही, तिवईला पाय लावायचा नाही.

"आई, पानी प्यालेई भेव लागते आता," सून म्हणाली.

"लागू दे."

एकेक तुकडा काळा पडत गेला. मी रोज वाकून बघायची आणि रोज मुलावर नव्याने चिडायची. जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. शेवटी एकच तुकडा उरला. पाऊस लागला आणि त्याला बाजूने दोन पानं फुटली, मोहरीच्या दाण्याएवढी.

मुलगा वाकून बघून उभा राहिला आणि म्हणाला, "पाय, जगलं न? उगाच बोल्ली तू मले."

अजूनही ते आठवलं की डोकं फिरतं. जे मेलं ते त्याच्या हिशेबी मेलंच नाही. मी कुंडी उचलली, माझ्या खोलीच्या खिडकीत नेऊन ठेवली आणि दाराला कुलूप लावलं. किल्ली कमरेला असते. मुलगी फोनवर भांडते, तू आता मुक्कामाला येत नाहीस म्हणून. सकाळी जाऊन संध्याकाळच्या बसने परत येते, असं तिला सांगून टाकलं. मुलगा विचारतो, माझ्यावर भरोसा नाही का?

नाही.