दोन कॅमेऱ्यांतला पिवळा ठिपका

माझ्याकडे दोन जुने फिल्म कॅमेरे आहेत. दिसायला जवळजवळ जुळे, पण मॉडेल वेगळी. आधीच्याचं शटर बॅटरीशिवायही चालतं. नंतरच्याचं चालत नाही, मात्र त्याची बघायची खिडकी जास्त उजळ आहे. दोन्ही रेंजफाइंडर. खिडकीतून पाहिलं की मधल्या पिवळ्या ठिपक्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. भिंगाभोवतीची कडी फिरवून त्या दोन प्रतिमा एकावर एक आणल्या की फोटो स्पष्ट येतो.

मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील देवळ्याहून मोटरसायकलवर मला भेटायला येतात. यंदा थंडी सरताना आले, तेव्हा मी त्यांच्या हातात आधीचं मॉडेल दिलं आणि गच्चीवरून समोरची पाण्याची टाकी बघायला सांगितली.

"दोन दिसतात," ते म्हणाले.

"कडी फिरवा, बाबा. एक होईल."

त्यांनी दोन्हीकडे फिरवून पाहिली. "नाय होत. तुझ्या डब्यातच खोट हाय."

मलाही तेच वाटलं. जुन्या मॉडेलमधला ठिपका फिका पडतो, आतला आरसा हलतो. म्हणून नंतरचं मॉडेल आणलं, स्वतः टाकी जुळवली आणि तसाच कॅमेरा त्यांच्या उजव्या डोळ्याला लावला.

"अजून दोनच." मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला, डावा डोळा तळव्यानं झाकला आणि टाकीकडे पाहत म्हणाले, "अन् अशाही दोनच."

"कधीपासून?"

"कांदा लावला तवापासून. दुसऱ्या डोळ्यानं भागतं ना."

"आणि रात्री गाडी चालवताना?"

"समोरून दोन दिवे आले का ट्रक धरायचा. बाजूला व्हायचं."

"मोटरसायकल असली तर?"

"मग लय मोकळा रस्ता मिळतो तिला."

हसू आलं, पण मी त्यांच्या गाडीची किल्ली खिशात टाकली.

"लय शाणा झाला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदू. ऑपरेशन लवकर करा, म्हणाले. वडिलांनी मान हलवली, "आता कांदा काढणीला येईल. नंतर बघू."

याच माणसानं ऐन काढणीतसुद्धा माझा एकही पेपर बुडू दिला नव्हता. शेतात मी हवा असायचो, तरी मला एसटीत बसवून द्यायचे.

"काढणी मी बघतो. रजा काढतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"त्याला जमणार नाय," ते डॉक्टरांना म्हणाले. "पण तारीख द्या."