बाईंनी सोडलेली मादी

बाईंना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. चिमूरच्या आमच्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या, तेही येरझाऱ्या घालत. बाहेर काही उडताना दिसलं की फळ्यावरचं वाक्य अर्धं टाकून त्या खिडकीशी जायच्या. पोरं त्यांना पळत्या बाई म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. "बसून राह्यली तर पाखरू का घरी येनार हाय?" त्या म्हणायच्या.

रविवारी स्कूटीला जाळी बांधून त्या जंगलाकडे निघायच्या. मागच्या सीटवर बहुतेक वेळा मीच असे. जाळीत आलेलं फुलपाखरू त्या दोन बोटांत अलगद धरायच्या, निरखायच्या आणि सोडून द्यायच्या. त्यांनी एकालाही कधी टाचणी टोचली नाही.

पुढे मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत लागले. फुलपाखराच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचायचा आणि इतरांच्या तुकड्यांशी ताडून बघायचा, हे आमचं काम. त्याला बारकोड म्हणतात. दिसायला अगदी सारखी फुलपाखरंही त्यात कधी कधी वेगवेगळ्या जातींची निघतात. त्यासाठी एक पाय पुरतो, असं मी बाईंना सांगितलं.

"पाय तोडल्यावर उडते का ते?"

उडतं म्हटल्यावर त्यांच्याकडून पायांच्या कुप्या येऊ लागल्या.

त्यांत बांबूवर वाढणाऱ्या एका साध्या तपकिरी फुलपाखराचे पाय होते. त्याच्या काही अळ्यांचं डोकं काळं, काहींचं पिवळं. कुठलं फुलपाखरू कोणत्या अळीपासून झालं, ते कुपीवर लिहिलेलं असायचं. जात एकच, रंग तेवढा वेगळा, असं बाई आम्हाला शिकवत आल्या होत्या. बारकोडमध्ये मात्र काळ्या डोक्याच्या अळ्यांपासून झालेली फुलपाखरं एकीकडे गेली, पिवळ्या डोक्याच्या अळ्यांची दुसरीकडे; ही दुसरी बहुधा नवीच जात होती. मी फोन केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाई प्रयोगशाळेच्या दारात.

"मंग मी इतकी वर्सं पोरायले चुकीचं सांगतलं का?"

"सगळेच तसं सांगत होते, बाई."

"सगळ्यायचं नको सांगू मले."

आमचे प्रमुख त्यांना म्हणाले, "नुसत्या बारकोडवर नवी जात ठरत नाही. अळीपासून वाढवलेला एक नर आणि एक मादी संग्रहात ठेवावी लागेल."

ठेवायची म्हणजे मारून. बाई लगेच परतल्या.

त्या पावसाळ्यात त्यांनी पिवळ्या डोक्याच्या अळ्या घरीच वाढवल्या. जेवता जेवता उठून त्या बांबूची पानं बदलायच्या. शेवटी डबा घेऊन नागपूरला आल्या. डब्यात फक्त नर होता.

"मादी?" मी विचारलं.

"सोडली. याले मीच मारलं. माझ्या हातचं वाढलेलं, दुसऱ्याच्या हातानं कशाले? पण तिले अंडी घालाची होती. पुढच्या साली तिच्या लेकीतली एखादी घेजो."

पाणीसुद्धा न घेता त्या बसस्टँडकडे निघून गेल्या.

पुढच्या वर्षी त्या पट्ट्यातला बांबू फुलला. फुलला की बांबू वाळून मरतो. अळ्या कुठेच मिळेनात. बाईंनी चिमूरपासून मार्कंड्यापर्यंत रानं पालथी घातली, हेमलकशाच्या वाटेवरची बांबूची बेटंही सोडली नाहीत. गुडघे सुजले तरी थांबल्या नाहीत. एका दुपारी वाळक्या बांबूत उभ्या राहून त्यांनी विचारलं, "मी तिले सोडलं, चुकली का वं?"

"माहीत नाही, बाई," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या बेटाकडे चालू लागल्या.

गुडघे अगदीच थकले तेव्हा लेकीनं त्यांना पुण्याला नेलं. निघताना त्यांनी जाळी माझ्या हातात दिली. तिथून त्यांचे फोन यायचे. "बांबू फुटला का? गेलतीस का पाहाले?" फ्लॅटच्या गॅलरीत इकडून तिकडे चालतानाची त्यांची धाप मला ऐकू यायची.

या पावसाळ्यात मार्कंड्याच्या पुढे नव्यानं उगवलेल्या बांबूच्या एका कोवळ्या बेटात, गुंडाळलेल्या पानाच्या आत मला पिवळ्या डोक्याची एक अळी सापडली. ती तशीच डब्यात घेतली आणि तिथूनच बाईंना फोन लावला. पलीकडे चालण्याचा आवाज थांबला.

"बाई, ऐकताय ना?"

"ऐकून राह्यली. पानं ताजी हायेत का डब्यात?"

"सकाळची आहेत."

"मंग फोन काऊन धरून बसलीस? ठेव. पानं बदल तिची."