भाचीच्या पदरातली माती

मैत्रिणींनो, दवाखान्यात बसून लिहिते.

दुपारी तिसगावात माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना, आणि पोरगी पांढरीफटक! ओटी भरताना तिच्या पदरातून भाजलेल्या मातीचे खडे सांडले.

तिची सासू हसली. "डोहाळेच तसले हायेत, विहीणबाई. लई आवडती तिला."

"आणि लोहाच्या गोळ्या?"

"मीच बंद केल्या. बाळ काळं हुतं म्हनं."

मी ओरडणार, तोच भाची झोपाळ्यावरून खाली कोसळली.

आता तिला रक्त चढतंय. डॉक्टर म्हणाले, लोह फार कमी झालं की माती खावीशी वाटते. असंच बाळंतपण झालं असतं तर कठीण होतं. बाळाचं अजून काही सांगत नाहीत.

तुमच्या घरातली गर्भारशी माती खाते, तेव्हा तुम्हीही हसता का?