सत्तुराची मूठ

आजवर कुणालाच सांगितलं नाही, पण नळदुर्गच्या मटणवाल्या चाचांचा सत्तूर माझ्या हातून फरशीवर आपटला. त्या रविवारी चाचा चहाला गेले होते, तेव्हा मी तो सहज उचलून बघत होतो. मी तो गुपचूप ओंडक्यावर ठेवला.

चाचा सत्तूर कुणाच्या हातात कधी देत नाहीत, खाली ठेवतात, मग म्हणतात, "आता उचला." मटण तोडायच्या आधी लाकडी मूठ ठोकून आवाजाला कान लावतात. त्या रविवारीही ठोकली, आणि एवढी रांग असताना हात धुतले.

"मूठ तडकली. पातं उडालं तर कुणाचं तरी टकुरं फुटंल. आज वांगी खावा!"

"चाचा, घरी पाव्हणे आलेत," कुणीतरी कुरकुरलं.

"मग त्यांना वांगी लई आवडतात म्हणा!"

रांग हसली. "माझ्याच हातून पडला असंल, वय झालं," चाचा म्हणाले.

मीही हसलो. खरं काय ते चाचांना सांगणं अजून माझ्याकडं बाकी आहे.