इटालियन गाडीचा डावा दरवाजा

दादाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. स्क्रीनवर त्याचं नाव बघितलं आणि पहिला विचार आला तो हाच, की याला पुन्हा कुठेतरी माझी सही हवी असणार.

"तायडे, रविवारी मोकळी हायस का? एक गाडी बघायची हाय."

"गाडी? त्यात माझं काय काम?"

"तुझी नजर पायजे. बाकी काय न्हाई."

बाकी काही नाही म्हणाला की नक्की काहीतरी असतं. माझा सख्खा मोठा भाऊ आहे तो, त्याला मी आतून-बाहेरून ओळखते. वडील गेले त्या वर्षीही तो असाच गोड बोलला होता. वारसांची नोंद करायची आहे, तासाभराचं काम आहे, असं सांगून मला राजगुरुनगरला घेऊन गेला. कचेरीत गर्दी, उकाडा. त्याने बोट ठेवलं तिथे तिथे मी सही केली. येताना मिसळ खायला घातली, साडीचोळी केली. मी खुळी खूश! तीन महिन्यांनी भावकीतल्या एका बाईच्या तोंडून कळलं, की मी सही केली ते हक्कसोड पत्र होतं. चऱ्होलीच्या नदीपलीकडच्या आमच्या जमिनीतला माझा अर्धा हिस्सा मी भावाला देऊन बसले होते.

आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात. रीतच आहे तशी. न सोडणारीला माहेर तुटतं, हेही सगळ्यांना माहीत आहे. दादाने समोर बसवून मागितला असता, तर मी चार दिवस फुगून बसले असते आणि शेवटी दिलाही असता. पण त्याने मागितलाच नाही. जमीन गेली याचं दुःख मला कमी होतं. मला त्याने विचारायच्या लायकीचंही समजलं नाही, याची आग होती. आणि ती आग मी कुणाला दाखवली नाही. राखी बांधली, भाऊबीज केली, वहिनीच्या हातचं जेवले, आणि घरी येऊन नवऱ्यावर डाफरले. तो बिचारा लातूरकडचा, शांत माणूस. "कशाला जीव जाळून घ्यायलीस?" एवढंच म्हणायचा.

पुढे त्या जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि दादा मोठा माणूस झाला.

माझ्या नजरेचं म्हणाल, तर ती खोटी स्तुती नव्हती. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत वीस वर्षं मी रंग तपासणीला होते. दोन्ही बाजूंना ट्यूबलाइटच्या रांगा, मधून गाडी येणार, आणि रंगात पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब मी बघणार. ट्यूब सरळ दिसली तर रंग चांगला, थरथरली तर खोट आहे. वर हातमोजा घालून तळवा फिरवायचा. धुळीचा कण, ओघळ, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, सगळं तळव्याला कळतं. पहिल्या गाडीचा दरवाजा आणि शेवटच्या गाडीचा दरवाजा यांत केसाचा फरक चालायचा नाही. बघता बघता मला सवयच जडली. लग्नात गेले तरी आधी नवरीच्या पातळाची किनार दोन्हीकडे सारखी आहे का ते बघणार!

रविवारी दादा संत तुकाराम नगरला माझ्या घरी घ्यायला आला. गाडीत बसल्या बसल्या मी मागच्या सीटवर कागदांची पिशवी आहे का ते बघून घेतलं. नव्हती. पुढच्या कप्प्यात फक्त फ्रिजला लावतात तो गणपतीचा लोहचुंबक होता. तरी चाकणच्या चौकात गाडी डावीकडे वळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण सरळ गेलं की राजगुरुनगर.

"कुठे नेतोयस ते तरी सांग."

"लिलावाला," दादा म्हणाला. "इटलीची गाडी हाय. जगात बोटावर मोजाव्या इतक्याच बनिवल्यात. पुन्हा बनवणार न्हाईत. कुण्या कारखानदाराची हाय, त्यो इकतोय."

"आणि ती तुला काय करायचीय? चऱ्होलीच्या रस्त्यावर खड्ड्यात घालायचीय?"

तो हसला, पण त्याचे कान लाल झाले. लहानपणी जत्रेत शर्यतीच्या घाटावर दुसऱ्याची बैलजोडी पुढे निघाली, की त्याचे कान असेच व्हायचे. शर्यतीच्या बैलांसाठी या माणसाने एकेकाळी जेवण सोडलं होतं. आजही गोठ्यात दोन बैल आहेत, शर्यतीला नेत नाही तरी रोज स्वतः खरारा करतो. मला कळून चुकलं, गाडीचं वेड खरं आहे. पण ती येणार होती जमिनीच्या पैशातून. म्हणजे तिच्या चार चाकांतली दोन माझी होती, आणि ते तोंडाने बोलायची चोरी होती.

एमआयडीसीतल्या एका गोदामात लिलाव होता. दारात दोन बाउन्सर, आत गालिचा, थंडगार हवा, आणि मधोमध ती. जमिनीला इतकी चिकटून, की बसायचं असेल तर आधी लोटांगण घालावं लागेल. रंग गडद लाल. बघताक्षणी मीही भुलले, खोटं कशाला बोलू? पण लगेच दुसरं दिसलं. दिवे पिवळे आणि मंद लावले होते. अगं बाई! पिवळ्या उजेडात कुणाचेही दोष लपतात. पांढरा लख्ख उजेड ठेवायला यांचं काय जात होतं?

लिलाव कंपनीची एक बाई होती, काळा कोट घातलेली, सारखी हसणारी. तिने माझ्या हातात जाडजूड पुस्तिका दिली. सगळी इंग्रजी. मी ती पर्समध्ये कोंबली. विकणाऱ्याने छापलेलं काय वाचायचं?

तेवढ्यात दादाने खिशातून तो गणपतीचा लोहचुंबक काढला आणि बॉनेटला लावायला निघाला. जुनी गाडी घेताना आमच्याकडे हीच परीक्षा. चुंबक चिकटला तर आत पत्रा, घसरला तर पत्र्यावर लांबी, म्हणजे पुटी, भरलेली.

"अरे, ठेव तो खिशात! या गाडीला पत्रा नसतोच. कार्बन फायबरचं अंग असतं."

"मंग समजायचं कसं?"

"म्हणून तर मला आणलंस ना?"

मी पर्समधून माझी पांढऱ्या उजेडाची बॅटरी काढली. बाउन्सर पुढे आला, कोटवाल्या बाईने त्याला थांबवलं. उजवी बाजू मी सावकाश पाहिली. आरशासारखी होती. मग डावीकडे आले, दरवाजावर उजेड टाकला, आणि प्रतिबिंब थरथरलं. तळवा फिरवला. खडबडीत. अगदी बारीक, पण होतंच. दरवाजा आणि पुढच्या मडगार्डमधली फट उजवीकडच्या फटीपेक्षा दोऱ्याएवढी मोठी. खाली वाकून दरवाजाच्या उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बघितलं, तर तिथे रंगाचा एक ओघळ, गव्हाच्या दाण्याएवढा, सुकून बसलेला.

सापडली! माझ्या छातीत आनंद उसळला. दुसऱ्याचं लबाडीचं काम पकडल्याचा आनंद, आणि तो मला गोड लागला, हे आज मान्य करते.

"ठोकलेली गाडी आहे," मी दादाच्या कानात म्हणाले. "डावी बाजू पुन्हा रंगवलीय."

दादाचा चेहरा उतरला. "नक्की?"

"वीस वर्षं काय मी गवत उपटलं?"

मी हात धुवायला गेले. परत आले तर दादा त्या बाईशी बोलत होता. मला बघून तो गप्प झाला. आता हा काय शिजवतोय, असं माझ्या मनात आलंच.

लिलावाला माणसं थोडीच होती. काही जण फोनवरून बोली लावणार होते. दादाच्या हातात नंबराची पाटी होती. बसताना त्याने खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. मी चमकले. वडील चाकणच्या बैलबाजारात असंच करायचे. भाव चारचौघांत बोलायचा नाही, कापडाखाली बोटं दाबून सांगायचा. मला सोबत नेलं, की आधी माझा हात धरून विचारायचे, बैल कसा वाटतो? मी एक बोट दाबलं तर घ्यायचा, दोन दाबली तर सोडायचा. पाच-सहा वर्षांच्या पोरीचं ऐकतात का ते, याची मला तेव्हा शंका नव्हती.

"तू सांग," दादा म्हणाला. "एक का दोन?"

बोली सुरू झाली. आकडा चढत गेला, एकेक जण गळत गेला. शेवटी फोनवरचा एक आणि दादा, दोघेच उरले. हातोडीवाला दादाकडे बघत थांबला. उपरण्याखाली दादाचा तळवा घामाने भिजला होता. या माणसाला आयुष्यात काही एवढं हवंसं झालेलं मी बघितलं नव्हतं. मी दोन बोटं दाबली. चांगली जोर लावून दाबली.

दादाने पाटी खाली, मांडीवर ठेवली. गाडी फोनवाल्याला गेली.

त्याने मला घरी सोडलं. मला वाटलं, मला पस्तावा होईल. झाला नाही. रात्री छान झोप लागली.

पस्तावा आला तो पंधरा दिवसांनी, पर्स झाडताना. ती पुस्तिका सापडली. रद्दीत टाकणार, तेवढ्यात चित्र दिसलं म्हणून उघडली, आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत गेले. त्यात लिहिलं होतं, की प्रत्येक गाडी थोडी माणसं मिळून हाताने बनवतात, हातानेच रंगवतात. दोन बाजूंत थोडा फरक असतो, आणि तोच तिच्या अस्सलपणाची खूण मानतात. मी म्हटलं, हो, लिहिणारच तुम्ही! पण मन खायला लागलं. शेवटी आमच्या जुन्या सुपरवायझर साहेबांना फोन लावला. ते परदेशातले कारखाने बघून आलेले. ओघळाचं सांगितलं तर ते इतके हसले, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"बाई, तुम्ही हातची भाकरी बिस्किटाच्या साच्यात बसवायला निघालात," ते म्हणाले. "गाडी सोळा आणे खरी होती."

यंत्रातून निघालेल्या लाखो सारख्या दरवाजांवर माझी नजर पोसलेली. तिला हाताचं काम म्हणजे खोटच दिसणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला ती खोट हवीच होती.

दुसऱ्याच दिवशी चऱ्होलीला गेले. दादा गोठ्यात बैलाला खरारा करत होता. मी चप्पलही न काढता सांगून टाकलं.

"दादा, गाडी खरी होती. मी चुकले."

"ठावं हाय," तो म्हणाला. हात थांबला नाही.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"त्याच दिशी. तू हात धुवाया गेल्तीस तवा त्या बाईला इचारलं. ती म्हनली, हातानं रंगवत्यात, दोन्ही अंगं सारखी येत न्हाईत. कागद बी दाखिवले."

"मग पाटी का खाली ठेवलीस?"

"तुला इचारलं व्हतं ना?" तो बैलाच्या पाठीकडे बघत म्हणाला. "इचारायचं आन् वर आपलंच खरं करायचं, तर इचारायचं कशाला? मागं एकदा न इचारता केलं. त्ये काय पचलं न्हाई मला."

खरं सांगते, तेव्हाही मला आधी संशयच आला. हा आता स्वस्तात सुटतोय, असं वाटलं. एका गाडीवर पाणी सोडलं आणि जमिनीचं पाप फेडलं, असं तर याच्या मनात नाही ना? पण त्याचे कान लाल झाले होते, आणि मला पुढे गप्प बसवेना.

"मी गाडी बघतच नव्हते," मी म्हणाले. "मी तुझी खोट शोधत होते. ती गाडीत सापडली म्हणून मला आनंद झाला. बोटं दाबताना मला माहीत होतं तुला ती किती हवीय. म्हणूनच जोरात दाबली."

त्याने खरारा बाजूला ठेवला.

"मंग नजर बराबर हाय तुझी," तो म्हणाला. "खोट हाय."

"कोणती? तोंडाने बोल."

"जाऊ दे ना तायडे."

"नाही जाऊ देणार! इतकी वर्षं जाऊ दिलं. बोल!"

"तुला फसिवलं म्या," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"तुला फसिवलं म्या!" दादा ओरडला. बैल दचकला, आणि वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन धावत बाहेर आली.